कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅड कंप्युटरला जोडला, पण चालत नाही: तपासायला कुठून लागायचं

ऑर्केस्ट्रात वाजवणारे, भजनी मंडळातले, घरी बसून कराओके ट्रॅक बांधणारे, अशा लोकांची वाद्यं कंप्युटरला जोडून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. वाद्य बदलतं, लॅपटॉप बदलतो. बिघाड मात्र फिरून तेच येतात. त्यातले बहुतेक घरच्या घरी, फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांच्या केबलवर मिटणारे असतात. तरी लोक आधी विंडोज नव्यानं टाकून घेतात किंवा महागडं साउंडकार्ड आणतात, आणि दुखणं जागच्या जागी राहतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर (कंप्युटरला वाद्याशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) एकदम बदललेत तर चालू झाल्यावरही दोष कशात होता ते कळणार नाही, आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी तो परत डोकं वर काढेल.

लक्षणं

- वाद्य कंप्युटरला दिसतच नाही. जोडल्यावर जो 'टुंग' आवाज यायला हवा, तोही येत नाही.
- यादीत नाव दिसतं, पण पट्टी दाबली तरी सॉफ्टवेअरमध्ये काहीच हलत नाही.
- सॉफ्टवेअरमधला दिवा लुकलुकतो, रेकॉर्डिंगमध्ये सूर उमटतात, पण कानावर काही येत नाही.
- थोडा वेळ चालतं, मग आपोआप गायब होतं.
- एका पट्टीला दोन आवाज येतात, किंवा आवाज पत्र्यासारखा, पोकळ लागतो.
- हात उचलला तरी सूर वाजतच राहतो.
- ऑक्टोपॅडवर (रबरी पॅडांच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) हात पडतो समेवर आणि आवाज येतो मागून.
- कीबोर्ड जोडताच लॅपटॉपच्या स्पीकरमधून गाणी यायची थांबतात.
- यूएसबी लावलं की कीबोर्डचा स्वतःचा ठेका सुरू होत नाही.
- रेकॉर्ड केलेलं गाणं चढ्या पट्टीत आणि जलद वाजतं.
- 'घूं' असा सतत आवाज, किंवा माउस हलवला की बदलणारी चिरचिर.

वाटा दोन आहेत

कुठल्याही तपासणीआधी हे पक्कं करा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. यूएसबी केबलमधून किंवा पाच पिनांच्या मिडी केबलमधून जातो तो संदेश: कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. मिडी म्हणजे असे संदेश पाठवायची वाद्यांची ठरलेली भाषा. मिडीच्या वाटेनं आवाज जात नाही. मिडीचं हे रूप १९८३ पासून तेच आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं पहिल्यांदाच लोकांसमोर एकमेकांशी बोलली. आज तुमचा कीबोर्ड लॅपटॉपशी तीच भाषा बोलतो.

आवाजाची वाट वेगळी. तो एकतर कीबोर्डच्या लाइन आउटमधून साउंडकार्डात जातो, किंवा सॉफ्टवेअरमधलं वाद्य तो तयार करतं आणि साउंडकार्डातून बाहेर सोडतं. काही नव्या कीबोर्डांत एकाच यूएसबी केबलमधून मिडी आणि ऑडिओ दोन्ही जातात, तरी आतल्या वाटा दोनच.

त्यामुळे पहिला प्रश्न कायम हाच: अडलंय कुठं, संदेशाच्या वाटेवर की आवाजाच्या? 'कीबोर्डचा आवाज रेकॉर्ड होत नाही' म्हणत जेवढे लोक येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा मिडी ठणठणीत असतो. ट्रॅकवर सूर उमटलेले असतात, फक्त ते वाजवायला सॉफ्टवेअरमध्ये कुठलं वाद्यच लावलेलं नसतं.

पहिली तपासणी: भोक बरोबर आहे का

कीबोर्डच्या मागे बऱ्याचदा दोन यूएसबी सॉकेट असतात. चौकोनी, प्रिंटरला असतं तसं, ते कंप्युटरसाठी. त्यावर 'टू होस्ट' किंवा 'कंप्युटर' लिहिलेलं असतं. चपटं सॉकेट पेनड्राइव्हसाठी, 'टू डिव्हाइस'. दोन्ही टोकं चपटी असलेली केबल घेऊन ती पेनड्राइव्हच्या सॉकेटात घालणारे कमी नाहीत. तिथे काही दिसणार नाही, कारण त्या सॉकेटात कीबोर्ड स्वतःच मालकाच्या भूमिकेत असतो, आणि समोर कंप्युटरही मालकच. दोन मालक एकमेकांशी बोलत नाहीत.

पुढे क्रमानं सुरू करा. वाद्य बंद, सॉफ्टवेअर बंद. केबल लावा, वाद्य चालू करा, पाच-दहा सेकंद थांबा, मग सॉफ्टवेअर उघडा. बरीच सॉफ्टवेअरं उघडताना एकदाच वाद्यांची यादी बनवतात. नंतर जोडलेलं वाद्य त्यांना दिसत नाही.

सस्टेन पेडलही याच वेळी बघून घ्या. पुष्कळ कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचतात आणि तीच 'सोडलेली' स्थिती धरतात. चालू करताना पाय पेडलवर असेल किंवा पेडल नंतर खोचलं असेल तर सगळं उलटं होतं: पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. 'सूर अडकतो' ही तक्रार यात अनेकदा संपते. वाद्य बंद करा, पेडल लावा, पाय बाजूला ठेवा, चालू करा.

आपोआप बंद होण्याचा प्रकारही आधी वाद्यातच शोधा. यामाहाचे पोर्टेबल कीबोर्ड मूळ सेटिंगवर ३० मिनिटं हात लागला नाही की स्वतः बंद होतात. सॉफ्टवेअरमध्ये मिक्सिंग करत बसलात की तेवढा वेळ सहज जातो. डावीकडची सगळ्यात शेवटची पट्टी दाबून धरून पॉवर चालू केली की ही सोय बंद होते. नाहीतर फंक्शन मेनूत 'ऑटो पॉवर ऑफ' सापडेल.

दुसरी: केबल

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो, म्हणून केबल मी नेहमी ड्रायव्हरच्या आधी बदलतो. यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन पॉवरच्या, दोन डेटाच्या. मोबाइल चार्जरबरोबर मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. टाइप-सी किंवा मायक्रो सॉकेटच्या छोट्या मिडी कीबोर्डांना अशी केबल लावली की दिवे लागतात, कीबोर्ड जिवंत दिसतो, आणि कंप्युटरला त्याचा पत्ता नसतो. दिवा लागला म्हणजे केबल चांगली, असं धरू नका. त्याच केबलनं मोबाइल लॅपटॉपला जोडून त्यातले फोटो दिसतात का बघा. दिसले तर डेटाच्या तारा शाबूत आहेत.

प्रिंटरवाल्या चौकोनी केबलचं दुखणं वेगळं. ती आतून तुटते, बहुतेक वेळा टोकाजवळ, कारण स्टँड हलवताना ओढ तिथेच बसते. टोक धरून हळू हलवा. 'टुंग' आवाज येत-जात राहिला तर केबल फेकून द्या, चिकटपट्टी लावून चालवू नका. लांबीलाही मर्यादा आहे. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. स्टेजवर लॅपटॉप लांब ठेवायचा म्हणून दोन केबली जोडून दहा मीटर केल्यात तर सरावात चालेल आणि कार्यक्रमात तुटेल. लांब जायचं असेल तर पाच पिनांची मिडी केबल १५ मीटरपर्यंत चालते. लॅपटॉपजवळ मिडी इंटरफेस ठेवून वाद्यापर्यंत ती ओढा.

तिसरी: पोर्ट आणि हब

मधला हब काढा आणि वाद्य थेट लॅपटॉपच्या पोर्टात घाला. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या यूएसबी २ च्या हबला लॅपटॉपकडून फार तर ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि तेच सगळ्या पोर्टांत वाटले जातात. माउस, डोंगल, साउंडकार्ड आणि यूएसबीवरच चालणारा छोटा कीबोर्ड एका हबवर असले की कमी पडणारच. असा कीबोर्ड मध्येच गायब होऊन परत येतो. लोकांना वाटतं ड्रायव्हरचा घोळ आहे.

एक पोर्ट नाही चालला तर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा बघा. काही जुनी वाद्यं निळ्या यूएसबी ३ पोर्टवर रुसतात आणि काळ्या यूएसबी २ वर चालतात.

चौथी: पाच पिनांची केबल

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत अजूनही घट्ट टिकून असलेल्या रोलँड एसपीडी-२० ऑक्टोपॅडला यूएसबी नाहीच. पाच पिनांचे मिडी सॉकेट आहेत. तो लॅपटॉपला जोडायला यूएसबी-मिडी इंटरफेस लागतो. बाजारात मधे डबी असलेली केबल मिळते, तिच्या दोन टोकांवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं. इथं जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा फसतो, कारण 'आउट'चं टोक 'आउट'च्या सॉकेटात घालावंसं वाटतं. उलटं करा. टोकावरचं 'इन' म्हणजे कंप्युटरचं इन. ते ऑक्टोपॅडच्या मिडी आउटमध्ये जातं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं. काही स्वस्त केबलींवर मात्र उलटं छापलेलं असतं, म्हणून चाललं नाही तर टोकं अदलाबदल करून बघा. काही बिघडत नाही. मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर असतो, संदेश प्रकाशानं पार जातो आणि दोन्ही बाजूंची वीज एकमेकींपासून वेगळी राहते.

या डबीवाल्या स्वस्त केबली साधे सूर नीट नेतात. पण वाद्याचे पॅच (त्यात साठवलेले आवाज आणि सेटिंगं) कंप्युटरवर साठवून ठेवायचे असतील तर जपून. त्यासाठी सिसेक्स नावाचे लांब संदेश जातात, आणि ते या केबलींत मध्येच तुटू शकतात. वर्षानुवर्षं जमवलेले ढोलकी-दिमडीचे पॅच ज्यात आहेत, त्या वाद्याला चांगल्या कंपनीचा इंटरफेस वापरा. इथे पैसे वाचवू नका.

पाचवी: संदेश येतो का, ते डोळ्यांनी बघा

ही तपासणी फुकट आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर असे छोटे मोफत प्रोग्रॅम मिळतात. लिनक्सवर 'एकनेक्ट' ही आज्ञा वाद्यांची यादी दाखवते. बाकी सगळं बंद करून हा एकच प्रोग्रॅम उघडा, वाद्य निवडा आणि एक पट्टी दाबा. दाबल्यावर एक ओळ यायला हवी, सोडल्यावर दुसरी. मधल्या 'सी'चा क्रमांक ६०. जोर १ ते १२७ मध्ये दिसतो.

- ओळ आली: वाद्य, केबल, पोर्ट, ड्रायव्हर चारही निर्दोष. आता त्यांना हात लावू नका. दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा आवाजाच्या वाटेवर आहे.
- ओळ आली नाही: सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालू नका, ड्रायव्हरच्या तपासणीवर जा.
- एका दाबण्याला दोन ओळी आल्या: दोष वाद्यात किंवा जोडणीत.
- सोडल्याची ओळ येत नाही: पट्टीखालचा संपर्क किंवा केबल.

सोडल्याची ओळ कधीकधी 'नोट ऑन, जोर ०' अशी दिसते. ती बरोबरच आहे. मिडीत त्याचा अर्थ 'सोडली' असाच आहे.

ऑक्टोपॅडवर एका पॅडला मारलं आणि शेजारच्या पॅडचीही ओळ आली तर तो कंप्युटरचा दोष नव्हे. एका पॅडची थरथर दुसऱ्याच्या सेन्सरपर्यंत जाते आहे. वाद्याच्या मेनूत संवेदनशीलता कमी करा आणि क्रॉसटॉकचं सेटिंग वाढवा. स्टँडचे स्क्रू ढिले असले तरी असंच होतं.

सहावी: दुसऱ्या कुणी वाद्य धरून ठेवलंय का

विंडोजच्या जुन्या, अजून सर्रास चालणाऱ्या मिडी ड्रायव्हरांमध्ये एक वाद्य एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. पियानो शिकवणारं एखादं पान ब्राउझरमध्ये उघडं राहिलं असेल आणि त्यानं वाद्य घेतलं असेल, तर तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला 'डिव्हाइस वापरात आहे' असा निरोप मिळतो, किंवा काहीच मिळत नाही. ब्राउझर पूर्ण बंद करा. पाचव्या तपासणीत उघडलेला मॉनिटरही बंद करा. तो बंद करायचा राहतो आणि मग नवाच दोष असल्यासारखं वाटतं. मॅकवर ही अडचण येत नाही.

सातवी: सॉफ्टवेअरमधली ट्रॅक

मॉनिटरमध्ये ओळी येतात पण सॉफ्टवेअर गप्प आहे, तर बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. ट्रॅक मिडीची किंवा इन्स्ट्रुमेंटची आहे ना, ऑडिओची नाही ना? इनपुटला तुमचं वाद्य निवडलंय ना? रेकॉर्डचं लाल बटण आणि मॉनिटरचं बटण चालू आहे ना?

मग चॅनल. मिडीत १६ चॅनल असतात. १९९१ च्या जनरल मिडी या सर्वमान्य नियमापासून तालवाद्यांना १० वा चॅनल देण्याचा पायंडा आहे, त्यामुळे ऑक्टोपॅड बहुधा १० वर बोलतो आणि सॉफ्टवेअरमधली ट्रॅक १ वर कान लावून बसलेली असते. ट्रॅकचा इनपुट चॅनल 'ऑल' करा. तरी काही पॅड वाजतात आणि काही नाहीत असं झालं, तर प्रत्येक पॅडचा नोट नंबर मॉनिटरमध्ये वाचून लिहून काढा. किक ३६ आणि स्नेअर ३८ हे क्रमांक बहुतेक ड्रम सॉफ्टवेअरांना कळतात, पण ढोलकीच्या पॅडला तुम्ही किंवा आधीच्या मालकानं दिलेला क्रमांक त्यात नसला तर तिथं शांतता. पॅडचा क्रमांक बदला किंवा सॉफ्टवेअरमध्ये त्या क्रमांकावर आवाज बसवा.

दोन आवाज येत असतील तर 'लोकल कंट्रोल' बघा. कीबोर्ड पट्टी दाबल्यावर स्वतःचा आवाज काढतो आणि संदेशही पाठवतो. सॉफ्टवेअरनं तो संदेश परत कीबोर्डकडेच धाडला की तोच सूर क्षणभरानं पुन्हा वाजतो. पोकळ, पत्र्यासारखा आवाज येतो तो यामुळे. शिवाय प्रत्येक सूर दोनदा वाजत असल्यामुळे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची मर्यादाही निम्म्यावर येते. रेकॉर्डिंगपुरता लोकल कंट्रोल बंद करा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये त्या वाद्याकडे जाणारं आउटपुट बंद करा. लोकल कंट्रोल बंद केलात तर काम झाल्यावर आठवणीनं चालू करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी स्टेजवर कीबोर्ड मुका, आणि हे माहीत नसलेला माणूस तो थेट दुरुस्तीला पाठवतो.

कीबोर्डचा ठेका सुरू होत नसेल तर क्लॉकचं सेटिंग 'एक्स्टर्नल'वरून 'इंटर्नल'वर आणा. तो लयीसाठी कंप्युटरची वाट बघत थांबलेला असतो.

लॅपटॉपची गाणी बंद पडत असतील तर विंडोजनं कीबोर्डलाच स्पीकर समजून निवडलंय. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट परत लॅपटॉपचं करा.

चढ्या पट्टीत वाजणारं रेकॉर्डिंग म्हणजे सँपल रेटची, सेकंदाला आवाजाचे किती नमुने धरले जातात त्या आकड्याची, गल्लत. ४४,१०० वर केलेलं रेकॉर्डिंग ४८,००० वर वाजवलं की ते सुमारे ९ टक्के जलद होतं आणि काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठंतरी जाऊन बसतं. कुठल्याच पट्टीला न जुळणारं गाणं ऐकलं की मी आधी हेच तपासतो. प्रोजेक्ट, साउंडकार्ड आणि विंडोज तिन्हीकडे एकच आकडा ठेवा.

आठवी: ड्रायव्हर

इथपर्यंत आल्यावरच ड्रायव्हर. यूएसबी-मिडीचा सर्वमान्य नियम १९९९ पासून आहे. तो पाळणारी वाद्यं वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, आणि काहींना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. रोलँडच्या बऱ्याच मॉडेलांत सिस्टिम मेनूत 'यूएसबी ड्रायव्हर' नावाचं सेटिंग असतं: 'जेनेरिक' किंवा 'व्हेंडर'. व्हेंडर निवडलेलं आणि ड्रायव्हर टाकलेला नाही, असं असलं की वाद्य दिसत नाही. सेटिंग बदलल्यावर वाद्य बंद करून परत चालू करावं लागतं, तोवर फरक पडत नाही.

कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा तर वाद्याची केबल काढून ठेवा, ड्रायव्हर टाका, कंप्युटर रीस्टार्ट करा, मग केबल लावा. आधीच लावलेली असली तर विंडोज स्वतःचा ड्रायव्हर जोडून मोकळी होते. ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका झटक्यात' देणारे प्रोग्रॅम घेऊ नका; त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप निस्तरायला जास्त वेळ लागतो.

वाद्य मध्येच गायब होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाच्या चौकटीतली खूण काढा, आणि पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप निष्क्रिय वाटणारं यूएसबी झोपवतो, आणि सगळी वाद्यं त्यातून नीट जागी होत नाहीत.

वेगवेगळ्या पोर्टांत बरीच वाद्यं लावून झालेल्या जुन्या लॅपटॉपवर त्यांच्या नोंदी साठून राहतात, आणि काही ड्रायव्हर तेवढ्यानं अडतात. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लपलेली उपकरणं दाखवायला सांगा. साउंडच्या यादीत फिकट दिसणाऱ्या, आता नसलेल्या वाद्यांच्या नोंदी काढा. फक्त फिकट, आणि फक्त ओळखीची नावं.

नववी: आवाज मागून येतो

लोक याचा दोष मिडीला देतात. मिडी निर्दोष आहे. पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात; एका सुराचा पूर्ण संदेश पोचायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. उशीर होतो तो कंप्युटर आवाज तयार करून बाहेर सोडताना, बफरमध्ये, म्हणजे आवाजाचे नमुने बाहेर जाण्याआधी साठतात त्या जागेत. ४४,१०० च्या रेटला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १२, आणि १०२४ म्हणजे २३. त्यावर साउंडकार्डाचा आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ चढतो.

हे आकडे हाताला कसे लागतात ते बघा. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत चौपटीत बोल वाजवले तर दोन बोलांमधलं अंतर सुमारे ९४ मिलिसेकंद. त्यातले २३ उशिरात गेले तर बोलाचा पाव भाग मागे पडला. कीबोर्डवर लांब सूर धरणाऱ्याला तो कळतही नाही, पण ढोलकीचा ठेका धरणाऱ्याचा हात अडखळतो. १० मिलिसेकंदांच्या आत आलात की बहुतेकांना चालतं. स्पीकरपासून साडेतीन मीटर दूर बसल्यावर हवेतून यायलाही आवाजाला तेवढाच वेळ लागतो.

उपाय क्रमानं. ब्लूटूथ हेडफोन असेल तर आधी तो काढा. त्याचा उशीर बहुधा १०० मिलिसेकंदांच्या वर असतो आणि कुठलंही सेटिंग तो भरून काढत नाही. मग सॉफ्टवेअरमध्ये विंडोजचा साधा ड्रायव्हर बदलून एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर) निवडा. साउंडकार्डाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच घ्या, नसेल तर मोफत मिळणारा एएसआयओ४ऑल. नंतर बफर २५६ करा, जमलं तर १२८. कडकड आवाज यायला लागला म्हणजे प्रोसेसरला वेळ पुरत नाही. एक पायरी वर या. वाजवून रेकॉर्ड करताना बफर कमी, मिक्सिंगला बसल्यावर जास्त ठेवा.

कीबोर्डचा आवाज थेट रेकॉर्ड करणाऱ्यांनी लाइन आउट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नये. ते भोक माइकच्या क्षीण सिग्नलसाठी आहे, तिथं लाइनचा सिग्नल फाटतो. साधं यूएसबी साउंडकार्डसुद्धा त्यापेक्षा बरं.

दहावी: घूं आणि चिरचिर

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून ऐका. आवाज गेला तर कारण चार्जर आणि अर्थिंग यांच्यात आहे. बऱ्याच चार्जरांमधल्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर ऑडिओ केबलच्या शिल्डवरून मिक्सरकडे निघतो. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणून तो जाड 'घूं' ऐकू येतो. माउसबरोबर बदलणारी चिरचिर ही लॅपटॉपच्या आतली, यूएसबीच्या ग्राउंडवरून आलेली.

लॅपटॉप, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी मिळेल. तरी राहिला तर आवाजाच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये बसणारी डबी) घाला आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. तोही नसेल तर कार्यक्रमापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

थ्री-पिनची मोठी पिन काढून किंवा तोडून कधीही वाजवू नका. घूं थांबतो हे खरं, म्हणूनच मंडपांत हे सर्रास होतं. पण उपकरणात दोष निर्माण झाला तर बॉडीवर आलेली २३० व्होल्टची वीज वाट शोधते ती वाजवणाऱ्याच्या अंगातून, आणि पुढे माइकला ओठ लावलेल्या गायकाच्या. माझ्याकडे आलेल्या वाद्याची अर्थची पिन तोडलेली दिसली तर मी आधी प्लग बदलायला लावतो, मग बाकीचं बघतो.

कुठं थांबायचं

कीबोर्डच्या, मिक्सरच्या किंवा माइकच्या धातूला हात लावल्यावर झटका बसत असेल तर लगेच मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. हे वाद्याचं काम नव्हे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग जिवंत आहे का, हे त्यानंच मीटर लावून बघायचं. मंडपात जनरेटर असेल तर त्याच्या अर्थिंगची जबाबदारी कुणावर आहे ते आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत वाद्य जोडू नका.

वाद्याचं यूएसबी सॉकेट बोटानं हलत असेल, जळका वास आला असेल, आत पाणी गेलं असेल किंवा कोकणातल्या पावसाळ्यानं बोर्डावर बुरशी धरली असेल, तर वाद्य उघडू नका आणि पुन्हा पुन्हा चालू करूनही बघू नका. ओल्या बोर्डावर प्रत्येक वेळी वीज दिली की नुकसान वाढतं. सॉकेटचा टाका वेळेवर मारून घेतला तर काम किरकोळ असतं. तसाच वापरत राहिलात तर खालचा तांब्याचा पट्टा उखडतो आणि बोर्डच बदलावा लागतो.

चुकीचा अॅडॉप्टर लावला आणि वाद्य मेलं, तरीही थांबा. यामाहाच्या पोर्टेबल कीबोर्डांना बहुधा १२ व्होल्ट लागतात आणि मधली पिन धन असते. रोलँडच्या बऱ्याच जुन्या वाद्यांना, ऑक्टोपॅडसकट, ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण. प्लग दोन्हीकडे बसतो. 'बसला म्हणजे चालतो' समजून लावला की आतला संरक्षक डायोड किंवा रेग्युलेटर जातो, आणि तो मीटर धरता येणाऱ्या माणसानंच बदलायचा. रबराखालचे सेन्सर सुटलेला ऑक्टोपॅडही त्याच्याकडेच न्या.

कंप्युटरच्या बाजूनं थांबायची खूण अशी: दोन वेगळ्या चांगल्या केबली, दोन पोर्ट आणि दुसरा कंप्युटर वापरूनही मॉनिटरमध्ये ओळ येत नाही, तर दोष वाद्यात आहे. दुसऱ्या कंप्युटरवर येते आणि तुमच्यावर नाही, तर तो कंप्युटरवाल्याकडे न्या. कुठंही नेताना वाद्याचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती, मॉनिटरमध्ये काय दिसलं आणि यातल्या कुठल्या तपासण्या झाल्या ते कागदावर लिहून द्या, आणि वाद्यातले पॅच आधी कुठंतरी साठवून ठेवा. दुरुस्तीत फॅक्टरी रीसेट केला की ते जातात.